खोक्याचा सत्कार

दीपकने खोका छातीशी धरला, मान किंचित तिरकी केली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं. मग दुसरा खोका उचलून तोही धरून पाहिला.

"हा बरा. फोटोत लांबून दिसतोय."

"काका, ते दुकानदारांचं आहे, बिलं करायचं," सायली म्हणाली. "मला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर हवाय."

"अगं, बटणं केवढाली हायत बघ तरी!"

सायलीची आई, प्रतिभा, काउंटरच्या कडेला उभी होती. दिराच्या अंगाला अत्तराचा वास, तोंडाला सुगंधी सुपारीचा. त्या दोन्हींच्या घोळाने तिने रिक्षात बसल्यापासून पदर नाकाला लावला होता. पण बोलायची सोय नव्हती. दीपक मित्रमंडळाचा अध्यक्ष. तिचा नवरा गोरक्ष थोरला असूनही भावापुढे मान खाली घालायचा.

सायलीला शहरातल्या एका मोठ्या शाळेने फी माफ करून अकरावीला घेतलं होतं. तिथे गणिताच्या पेपरला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागायचा, मोबाइल चालायचा नाही, आणि तो ज्याचा त्याने आणायचा. दसरा झाला की लगेच पेपर. दीपकला हे कळलं मात्र, त्याने मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं: हुशार पुतणीला मंडळातर्फे भेट, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जाहीर सत्कार. झालं! त्यानंतर घरात कोणी दुसरीकडून आणायचं नावही काढेना.

दुकानदार संतोषशेठने सायलीपुढे दोन यंत्रं ठेवली. पहिल्याचा पडदा रंगीत, देखणा. पण समीकरण घातलं की रेघ उमटायला वेळ लागायचा. दुसरं साधं, काळंच. त्यावर तिची बोटं भराभर फिरली. वक्र उमटला, एक सरळ रेघ त्याला छेदून गेली आणि दोघं कुठे भेटले ते खाली आकड्यांत आलं. ती स्वतःशीच हसली.

"आई, हे. हेच."

प्रतिभाला पडद्यावरचं काही कळलं नाही. पोरीचा चेहरा मात्र कळला.

"एकच पीस आहे बरं का," संतोषशेठ म्हणाले. "परत मागवायला महिना जाईल."

दीपकने यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने शेठना कोपऱ्यात नेलं. पण माइकवर बोलून बोलून तयार झालेला घसा, तो कुजबुजला तरी रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

"शेठ, असं करा. मशीन राहू द्या तुमच्याकडंच. मला उद्यापुरता खोका द्या. आत कायतरी वजनाचं टाका, म्हणजे पाहुण्याच्या हाताला हलका नाय लागायचा."

"आणि मशीन कधी नेणार?"

"ते बघू की नंतर. पळून चाललंय का?"

संतोषशेठने एकदा सायलीकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि खोक्यात जुन्या चार्जरचं भेंडोळं कोंबलं. दुकान याच रस्त्यावर चालवायचं, मंडळाशी वाकडं कोण घेणार?

शी! प्रतिभाच्या अंगावर शिसारी आली. आणि ती काही आजची नव्हती. सायखेड्याच्या अंबूबाईला याच माणसाने शिलाई मशीन दिलं, तेव्हा त्यावरचा झेंडूचा हार प्रतिभानेच ओवला होता. पंधरवड्याने चांदवडला दुसऱ्या एका बाईला मशीन दिलं, तेव्हा त्याच्या चाकात प्रतिभाने ओवलेलाच झेंडू अडकलेला होता, वाळून तपकिरी झालेला. अंबूबाईकडे फोटो तेवढा उरला. घरी येऊन प्रतिभाने गोरक्षला सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ करतोय ना? करू दे." आणि तिने गुमान पुढच्या कार्यक्रमाचे हार ओवले. त्या आठवणीने तिला स्वतःच्या हातांचीसुद्धा किळस वाटली.

"वहिनी," दीपक खोका बगलेत मारत म्हणाला, "उद्या फुलं लय लागतील. कमान, स्टेज, पाहुण्यांचे हार. अख्खा तोडाच आणा. घरचंच तर हाय."

घरच्या मळ्यातल्या झेंडूचा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा अख्खा तोडा! झेंडूवाला माणूस वर्षभर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसतो. सायलीने हातातलं यंत्र हळूच काउंटरवर ठेवलं आणि ती दाराकडे वळली.

"आणते की भाऊजी," प्रतिभा म्हणाली. "करंड्या घेऊनच येते."

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या हॉलमध्ये पाहुणे येऊन बसले, तरी कमान उघडीबोडकीच होती. प्रतिभा ऐन वेळेला पोचली. केळीच्या पानांनी झाकलेल्या, सुतळीने बांधलेल्या करंड्या तिने स्टेजच्या पायरीशी ठेवल्या. दीपक धावत आला, सुतळी तोडली, पान बाजूला केलं. खाली ओलं गोणपाट. गोणपाटाखाली एक वीट. त्याने दुसरी करंडी उघडली. तीही तशीच.

"वहिनी, फुलं कुठायत?"

"पहाटंच दिली गणेशवाडीच्या बाजारात. सोन्याचा भाव लागला. तिथनं तशीच संतोषशेठकडं गेले."

दीपकने वर पाहिलं. स्टेजवरच्या खुर्चीत सायली मान खाली घालून बसली होती. मांडीवर ते काळं यंत्र, आणि बोटं चालली होती. समोर कोण बसलंय, कोण भाषण करतंय, तिला कशाचा पत्ता नव्हता.

"साहेब, घ्यायचा ना फोटो?" फोटोग्राफरने विचारलं.

खोका दीपकच्या हातात तसाच राहिला. तो वाकून प्रतिभाच्या कानाशी आला, तोच अत्तराचा वास.

"अहो, पाहुण्यांच्या गळ्यात घालू काय आता?"

प्रतिभाने केळीचं पान पहिल्यासारखं नीट पसरलं, सुतळीला गाठ मारली आणि करंडी त्याच्याकडे सरकवली.

"ही द्या त्यांच्या हातात. हार बघू की नंतर," ती म्हणाली. "हलकी नाय लागायची, वीट घातलीय."