पत्र्याखालचे कोयते

शहादेवनं खडीच्या क्रशरवर ताडपत्री ओढली आणि ती उडू नये म्हणून कडेनं दगड ठेवले. परवान्याला स्थगिती आली तसा धारूरच्या डोंगरातल्या खदानीचा आवाज बंद झाला होता. क्रशरचा जमील मिस्त्री पुण्याला गेला. चहाची टपरी उठली. मजूर सोसायटीचे बाकीचे सभासद खाली पारावर ऊसतोडीला नावं देत होते. तोही उतरला.

राधाकिशन मुकादमानं त्याला बघून मान हलवली.

"तुझं काय करावं बे? बायको न्हाई. अर्ध्या कोयत्याला कोन ईचारतंय?"

मुकादमाच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

"खदानीत कोनी जोडी ईचारली न्हाई," शहादेव म्हणाला.

"मंग बस दगडासंग बोलत."

माणसं हसली. चंद्रभागाबाई तेवढी हसली नाही. नवरा गेल्यापासून ती खदानीत खडी भरायची.

"मलाबी एकटीला कोन नेतंय? बहीण-भावाचा कोयता चालंल का, मुकादम?"

"चालंल. शहादेव हो म्हनला तर."

शहादेव वळला आणि घरी आला.

सोसायटीला खदान मिळाली ते दुष्काळाचं वर्ष होतं. त्या साली तो आणि त्याची बायको सुंदरबाई ऊसतोडीला न जाता पहिल्यांदा दिवाळीला घरी होते. सुंदरबाईनं दोन्ही कोयते पत्र्याखाली खोचले. "आता हे खाली काढायचे न्हाईत," ती म्हणाली होती. मग रोज दुपारी क्रशरच्या सावलीत भाकरी. तिच्या केसांवर पांढरी धूळ बसायची.

"म्हातारी झालीस," तो म्हणायचा.

"तुमी लई तरणे!"

खरे पांढरे केस तिला आलेच नाहीत. त्याआधीच गेली.

त्यानं डब्यावर चढून कोयते काढले. त्याच्या कोयत्याची मूठ जाड. दुसऱ्याची बारीक, तिच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

संध्याकाळी चंद्रभागाबाई दारात आली तेव्हा तो धार लावत होता.

"भाऊ, काय ठरवलं?"

"जाऊ."

ती खाली बसली. तिनं बारीक मुठीच्या कोयत्याकडं हात नेला. शहादेवनं जाड मुठीचा पुढं सरकवला.

"ह्यो जड पडंल मला."

"मूठ तासून देतो."

"अन् तुमाला?"

त्यानं चिंधीची मूठ हातात धरून बघितली. तीनच बोटं मावली.

"बसंल हात," तो म्हणाला, आणि आपल्या कोयत्याची मूठ तासायला लागला.