ग्रीसचे हात

गोरखने पुन्हा साबण लावला आणि लगेच नळ सोडला. काळं पाणी बेसिनमध्ये ओघळलं, पण नखांच्या कडा होत्या तशाच राहिल्या. कोळसा उगाळावा तितका काळाच! कळंबला हायवेच्या कडेला रोज ट्रॅक्टर खोलणाऱ्याच्या हातांचं दुसरं काय होणार?

आत काचेच्या पेटीत त्याची मुलगी होती, सातव्याच महिन्यात जन्मलेली. मघाशी तिला हात लावायला तो गेला, तर सिस्टरने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि दारातूनच परत पाठवलं. "भाऊ, असे हात चालणार नाहीत. स्वच्छ धुवून या." बायकोसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, नळ बंद कर आधी," आरती म्हणाली. ही धाकटी बहीण, मंचरच्या कॉलेजात बी.एस्सी. करणारी. तिने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढून त्याच्या तळव्यावर ओतली.

"तेलानं तेल जातंय व्हय?"

"ग्रीस सैल व्हतं. मंग साबण." ती त्याची बोटं चोळू लागली. "साबणाच्या कणाला शेपूट असतं. त्याला पाणी नको, तेल पायजे. डोक्याला मात्र पाणीच पायजे. लई कण जमले की शेपट्या आत, डोकी बाहेर, असा गोळा व्हतो. ग्रीस त्याच्या पोटात शिरतं आन् पाण्यासंगं जातं. पण साबण भरपूर लागतो, आन् जरा दम धरावा लागतो."

"म्हंजी कडंवर घेऊन जातो म्हण की."

"तसंच."

गॅरेजात कुणाच्या बापाचं न ऐकणारा गोरख शाळकरी पोरासारखा हात पुढे करून उभा राहिला. फेस करडा झाला, मग पांढरा. नखं गुलाबी निघाली. आपली नखं अशी आहेत हे तो विसरूनच गेला होता. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला.

कशाला हात लागू नये म्हणून त्याने दार कोपरानेच ढकललं. पेटीतला दिवा बंद होता. भिंतीकडे तोंड करून बायको पडली होती. सिस्टर पांढऱ्या कापडातलं गाठोडं उराशी धरून उभी होती.

"बघा सिस्टर," त्याने दोन्ही हात पुढे केले. "आता हायेत का स्वच्छ?"

सिस्टरने हातांकडे पाहिलंच नाही.

"घ्या, भाऊ," ती हळूच म्हणाली. "आता कसेही असले तरी चालतील."