साडेपाच, दुसरा मजला

मी साडेपाच बोलतोय. हा पाढा नव्हे, माझी ओळख आहे. मॉन्ट्रियलमध्ये आम्हां फ्लॅटना असंच ओळखतात: पाच खोल्या, आणि वरची अर्धी म्हणजे न्हाणीघर. बिचारीला पूर्ण खोलीचा मान कधीच मिळाला नाही. रस्त्यावरून गिरकी घेत निघालेला लोखंडी जिना चढलात की मी भेटतो.

मला बांधलं ते भरल्या घरासाठी. पहिल्याच कुटुंबात नऊ मुलं! माझ्या भिंतींना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुढे माणसं कमी होत गेली नि सामान वाढत गेलं. एक वादक आला. तो एका खोलीत आणि त्याची वाद्यं चार खोल्यांत. त्याच्यानंतरच्या जोडप्याने एक अख्खी खोली व्यायामाच्या यंत्राला दिली. त्यावर व्यायाम झाला तो फक्त ओल्या टॉवेलांचा.

माझ्या मालकीणबाई गिस्लेन खालच्याच मजल्यावर राहतात. एकट्याच. डोक्यावर कुणी चमचा पाडला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते.

यंदा मार्चमध्ये समोरच्या घरातली मिर्लांद मला बघायला आली. मूळची हैतीची. नवरा वोल्नी आणि तीन मुलं. त्यांच्या मालकाला स्वतःच्या लेकीसाठी जागा हवी होती. मिर्लांद खोल्या बघत फिरली, आणि मला वाटलं, चला, दिवस पालटले!

"तीन पोरं?" गिस्लेनबाई म्हणाल्या. "म्हणजे सहा पाय, माझ्या डोक्यावर!"

"मॅडम, मोजे घालून चालतील ती."

"मोज्यातल्या टाचा मला चांगल्या ठाऊक आहेत, बाई."

संपलं. जुलैपासून मी ठरलो एका शांत, बिनमुलांच्या जोडप्यासाठी. मला फार वाईट वाटलं, पण फ्लॅटला कोण विचारतो?

मग उजाडला एक जुलै. त्या दिवशी आमचं अर्धं शहर घर बदलतं. एकाची गादी जिना उतरते, दुसऱ्याची चढते, आणि फ्रिज हमखास वळणावर अडकतो. मदतीला आलेल्या मित्रांना पिझ्झा नि बिअर दिली की झालं. माझे आधीचे भाडेकरू सकाळीच गेले. नवं जोडपं मात्र आलंच नाही. सोफा कुणाचा न्यायचा यावरून भांडून दोघं वेगळी झाली होती!

समोर मिर्लांदचं सगळं सामान फुटपाथवर. पाच माणसांना जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यांच्या घरात मालकाची लेक शिरलीही होती. वोल्नी कोपऱ्यावर फोन लावत होता. त्यात आमच्याकडची रीत अशी, की एक जुलैला फुटपाथवर दिसेल ते टाकलेलं समजायचं. एका उंच तरुणाने खुशाल त्यांचं जेवणाचं टेबल उचललं.

"ए लंबू! ठेव ते!" गॅलरीतून गिस्लेनबाई कडाडल्या आणि सपाता फटफटवत रस्त्यापार धावल्या. टेबलाचा पाय धरून म्हणाल्या, "टाकलेलं नाही ते! शेजारी माणसं उभी आहेत, तीही नेणार का उचलून?"

तो गेला. पण बाई गेल्या नाहीत. मिर्लांदच्याच खुर्चीवर पहारा देत बसल्या.

"आज कुठे जाणार?"

"बहिणीकडे. तिच्याच दोन खोल्यांत चार जण आहेत."

गिस्लेनबाईंनी बराच वेळ माझ्या रिकाम्या खिडक्यांकडे पाहिलं. "वर न्या सामान," त्या शेवटी म्हणाल्या. "एक महिना. आवाज झाला तर बघा हं!"

आणि खरंच आवाज झाला नाही. मिर्लांदने मुलांना असा दम भरला होता की ती चवड्यांवर चालत, कुजबुजत भांडत, धाकटा तर खोकलासुद्धा उशीत खोकायचा. मला रडूच यायचं. माणसं आली होती, पण घर भरलं नव्हतं.

दहाबारा दिवसांनी खालून छतावर झाडूच्या दांड्याचे तीन ठोके पडले. मिर्लांदचा चेहरा उतरला. "संपलं," ती वोल्नीला म्हणाली. "बॅगा काढ."

जिन्यावर धापा ऐकू आल्या. दारात गिस्लेनबाई.

"पोरं आजारी आहेत का गं?"

"नाही, मॅडम."

"मग पाय वाजत का नाहीत त्यांचे? काळजीने झोप नाही मला!" त्या मुलांकडे वळल्या. "महिन्याचं विसरा. आता इथेच राहायचंय. घराच्या त्या टोकापर्यंत कोण आधी पोहोचतं, बघू!"

मुलांनी आईकडे पाहिलं. आईने डोळे पुसत मान हलवली.

माफ करा मंडळी, आता पुढचं बोलता येत नाही. सहा पाय निघालेत, आणि मला हादरायचंय.