सुतळीवालं चित्र

बहीण-भावाने पॉडकास्ट सुरू केला तेव्हा ओळखीच्यांनी खूप चेष्टा केली. चित्रांवर गप्पा मारायच्या आणि त्या नुसत्या कानाने ऐकायच्या! म्हणजे भूक लागल्यावर स्वयंपाकाचं वर्णन ऐकून पोट भरायचं. पण लोकांना नाद लागला खरा.

त्याची रीतही न्यारी होती. पाहुण्याने स्वतःच्या चित्रासमोर बसून त्याविषयी बोलायचं. चित्र ऐकणाऱ्यांना आधी दाखवायचं नाही. मग त्या बोलण्यातून बहीण तिथल्या तिथे उद्याच्या जगातली एक गोष्ट रचून सांगायची, कधी दूरच्या ग्रहावरची, कधी यंत्रमाणसांची. गोष्ट चालू असताना सगळ्यांनी डोळे मिटायचे. गोष्ट संपली की भाऊ चित्राचा फोटो ऐकणाऱ्यांना पाठवायचा. सगळं थेट चालायचं. बोललेला शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

बहिणीला सगळे गोष्टीवाली म्हणत. भाऊ सदा तारांच्या गुंत्यात, म्हणून त्याचं नाव वायरमन.

त्या दुपारी पाहुणी होती त्यांची सख्खी आत्या. आत्याने उभा जन्म रंगांत घालवला होता. आईमागे या दोघांना वाढवलं तेही रंगाच्या हातांनीच. आज तिच्याच चित्रशाळेत माइक मांडले होते, कारण गावात नवं ग्रंथालय उभं राहत होतं आणि त्याची दर्शनी भिंत कोणी रंगवायची, हे ठरवणारे व्यवस्थापक मुद्दाम ऐकायला आले होते. कार्यक्रम झाला की भिंतीचं पक्कं करू, असं ते येतानाच म्हणाले. एवढी मोठी भिंत आत्याला आजवर कोणी दिली नव्हती. ती आठवडाभर लहान मुलीसारखी घरभर गुणगुणत होती.

चित्र ज्या लाकडी घोडीवर मांडलं होतं, तिच्यामागे व्यवस्थापकांची खुर्ची होती. त्यांना चित्राची पाठ तेवढी दिसत होती. आत्या पुढ्यात बसली होती आणि तिच्या शेजारी गोष्टीवाली.

"सांग आत्या, काय आहे समोर?"

"पाणी आहे गं," आत्या म्हणाली. "निळंच निळं. पहाटेचं पाणी असतं ना, अजून जागं न झालेलं, तसं. खाली डाव्या कोपऱ्यात एक होडी. होडीत कोणी नाही, पण वल्हं ओलं आहे."

गोष्टीवालीने चित्राकडे पाहिलं.

समोर लाल डोंगर होता. तांबडा, तापलेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाण्याचा थेंब नव्हता की होडी नव्हती.

तिला आधी वाटलं, आत्या गंमत करतेय. आत्याला खोड होती तशी. पण आत्या लाल डोंगराकडे तोंड करून, चेहऱ्यावर माया आणून सांगत होती, "ते ओलं वल्हं काढायला मला फार त्रास पडला." आणि तिची नजर डोंगराच्याही पलीकडे, भिंतीवर टेकली होती.

गोष्टीवाली आत्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. हल्ली आत्या चहाचा कप हाताने चाचपून उचलायची. हल्ली म्हणायची, "तूच वाच गं, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे." आत्ता एकेक आठवायला लागलं.

पण मग आत्या चित्र ओळखायची कशी? सकाळी आत्या वायरमनला म्हणाली होती, "दाराजवळचं आण, सुतळीवालं." गोष्टीवालीने खाली पाहिलं. तारांची मोळी नीट बांधून ठेवली होती, आणि बांधली होती एका सुतळीने. सुतळीला दोन गाठी होत्या. गाठी चाचपून आत्या चित्र ओळखत असणार. आणि या बहाद्दराने दाराजवळच्या चित्राला सुतळी फुकट लोंबताना पाहून ती आधीच आपल्या तारांना बांधली होती, आणि मग तिथल्या दोन चित्रांतलं त्याला आवडलं ते उचलून आणलं! घरचाच माणूस असा घात करू शकतो, परक्याचं काम नाही ते.

तिने मोळीकडे बोट दाखवलं. मग दारामागे ठेवलेल्या दुसऱ्या चित्राकडे. मग समोरच्या लाल डोंगराकडे. वायरमनने कानावरचे हेडफोन सावरले, आत्याचं बोलणं ऐकलं, चित्राकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

गोष्ट संपली की फोटो जाणार. व्यवस्थापक उठून पुढे येणार. वेळ होता तो गोष्टीपुरता.

"आता डोळे मिटा," गोष्टीवाली माइकमध्ये म्हणाली. "सगळ्यांनी. या खोलीत बसलेल्यांनीसुद्धा."

व्यवस्थापकांनी हसून डोळे मिटले. ही लबाडी आहे हे तिला कळत होतं. पण एका बाजूला लबाडी आणि दुसऱ्या बाजूला आत्याची भिंत, आणि तिचं मन भिंतीकडेच धावलं.

"एक ग्रह होता, नुसत्या पाण्याचा. तिथे एक नावाडीण राहायची. लोकांना या बेटावरून त्या बेटावर न्यायची. त्या ग्रहाचा सूर्य म्हातारा झाला होता..."

वायरमनने चपला काढल्या. मांजरासारखा घोडीपाशी आला. घोडीचा खिळा सैल करताना बारीक कुरकुर झाली. गोष्टीवालीने आवाज चढवला.

"...आणि वारा सुटला, भयंकर वारा!"

व्यवस्थापकांच्या भुवया हलल्या, पण डोळे उघडले नाहीत. वायरमनने लाल डोंगर उचलला. दाराकडे जाताना त्याच्या पायात तार आली, तो एका पायावर तोल सांभाळत उभा राहिला. गोष्टीवालीला पुढचं वाक्य सुचेना. माइकसमोर शांतता पसरत चालली.

"मग सूर्य... सूर्य हळूहळू..."

"विझला," आत्या म्हणाली.

पाहुण्याने गोष्टीत बोलायचं नाही, ही रीत होती. आजवर कोणी मोडली नव्हती.

"सूर्य विझला," आत्या शांतपणे म्हणाली. "नावाडिणीला ते केव्हाच कळलं होतं. तिने लोकांना सांगितलं नव्हतं, एवढंच. वाटलं, होडीत कोण बसेल मग? पण तिच्या घरच्यांना सुगावा लागला. बिचारे अंधारात पाय न वाजवता तिची होडीच बदलायला निघाले."

वायरमन जागच्या जागी थिजला.

"अरे, या घोडीचा खिळा मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकतेय. ठेव ते खाली. कोणतं आणलं होतंस?"

वायरमनने चित्र तसंच धरून ठेवलं. शेवटी म्हणाला, "लाल. डोंगर."

"मेल्या!" आत्या म्हणाली. "ते तर मी होडीच्या चित्रामागे लपवलं होतं. आण, मांड परत."

व्यवस्थापकांनी डोळे उघडले होते. दारात चित्र धरलेला वायरमन, मान खाली घातलेली गोष्टीवाली, भिंतीकडे पाहणारी आत्या, हे सगळं त्यांनी पाहिलं. माइक चालूच होते. कोणी बंद केले नाहीत.

"बाई, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कळतो. माणूस आला-गेला कळतो. निळं आणि लाल आता सारखंच. होडीचं चित्र डोळे होते तेव्हाचं, म्हणून ते दाखवणार होते. डोंगर नंतरचा. तो कसा झालाय, मला माहीत नाही. कोणाला विचारायचा धीर झाला नाही."

वायरमनने डोंगर घोडीवर परत मांडला, तसे ते उठून पुढे आले आणि चित्रासमोर उभे राहिले. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी ते नीट न्याहाळलं. गोष्टीवालीला वाटलं, आता ते टोपी उचलतील आणि निघतील, आणि आत्या उद्यापासून गुणगुणायची नाही.

"उजव्या बाजूला रंग ओघळलाय," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी आत्याचा हात धरला आणि तिचं बोट त्या ओघळावर ठेवलं. आत्याने बोट वरून खाली नेलं, पुन्हा वर नेलं.

"वाईट दिसतंय?"

"नाही. पण ठरवून केलेलं नाही, हेही दिसतंय. भिंतीचं आज पक्कं करत नाही, बाई. मला फसवलं असतंत तुम्ही, त्याचा रागही आहे."

"असायलाच हवा," आत्या म्हणाली.

"भिंत उंच आहे. शिडी लागेल."

"शिडी चढते मी. हा आणि ही खाली उभी राहतील, चुकलं की ओरडायला. दोघांचे घसे दणकट आहेत, लहानपणापासून ऐकतेय."

व्यवस्थापकांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. "उद्या सकाळी या. आधी हात लावून बघा भिंतीला. मग बोलू."

ते गेल्यावर वायरमनने फोनचा कॅमेरा घोडीसमोर धरला. रीतीप्रमाणे फोटो पाठवायचा राहिला होता. "आत्या, कोणतं पाठवू?"

"आहे तेच," आत्या म्हणाली. "आणि ती माझी सुतळी सोड आधी तारांची."