आधी दात, मग चेहरा

"आधी दात, मग चेहरा," असं त्या प्लास्टिक सर्जनने सांगितलं तेव्हा मी चिडलेच. चेहरा माझा, घाई माझी, आणि हा मला दातांच्या डॉक्टरकडे पिटाळतोय! पण चिठ्ठी घेतली. अडला हरी, दुसरं काय.

घाईचं कारण सांगते. आम्ही जुळ्या. ती अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून ती ताई. गेल्या वर्षी ताई गेली. सात महिने अंथरुणाला खिळून होती. तिची मुलगी मुंगी बावीस वर्षांची, वडील कधीच गेलेले. मग ती माझ्याकडे राहायला आली. खाली माझं शिलाईचं दुकान, वर घर, आणि आम्ही दोघी.

आणि पोर माझ्याकडे बघत नाही. जेवताना खुर्ची तिरकी करते आणि खिडकीकडे तोंड करून बसते. विचारलं तर उत्तर देते, भांडी घासते, दुकानात काजं करून देते, सगळं करते. पण नजर म्हणून देत नाही. मी काय कमी केलं? गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, स्वतःची फजिती रंगवून सांगितली, हसून हसून माझेच गाल दुखले. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा दुकानातल्या आरशात मला ताई दिसली. तरुणपणीची नव्हे, शेवटच्या महिन्यांतली. वर्षभरात मी वाळले होते, गाल उतरले होते, जबड्याखाली कातडं लोंबत होतं. पोरीने तो चेहरा सात महिने उशाशी बसून पाहिला आणि आता रोज ताटासमोर पुन्हा तोच. कशी बघेल ती? त्याच दिवशी ठरवलं, हा चेहरा ओढून सरळ करून घ्यायचा. लोक म्हणोत म्हातारीला चळ लागलाय.

आम्हा दोघींत फरक होता तो फक्त दातांचा. लहानपणी दोघींचेही पुढे होते. दोघींना तारा लावायला नेलं, तर ताईने गुमान तोंड उघडलं आणि मी डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावले. तिचे दात सरळ झाले, माझे राहिले ते राहिलेच.

दातांच्या दवाखान्यात मुंगीच मला गाडीवर घेऊन गेली. तिला एवढंच सांगितलं होतं की दातांचं काम आहे. ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टर चाळिशीतले, सावकाश बोलणारे. पेनासारखं यंत्र माझ्या तोंडात फिरवलं आणि समोरच्या पडद्यावर माझे दात उमटले, एकावर एक चढलेले.

"हे दात मागे घ्यायला दीड वर्ष लागेल," ते म्हणाले. "दात मागे गेले की ओठांचा आधार सरकतो. ओठ, गाल, सगळं थोडं आत बसतं. आज चेहरा ओढून घेतलात आणि दात नंतर केलेत, तर तो पुन्हा सैल दिसेल. परत कापाकापी."

मी शिवणारी बाई, मला कळणार नाही होय? कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मग कात्री लावायची. तरी म्हटलं, "डॉक्टर, मग दात राहू द्या. मला चेहऱ्याची घाई आहे."

"आधी बघा तर खरं," असं म्हणून त्यांनी माझा फोटो पडद्यावर घेतला, सुरकुत्यांसकट, आणि दात सरळ केले. ओठ मिटले, हनुवटी जागेवर बसली.

समोर ताई होती.

दीड वर्ष! म्हणजे मुंगीला नको असलेला चेहरा आधी मी पूर्ण करायचा, दीड वर्ष तिच्यासमोर घेऊन बसायचं आणि मग पुसायचा. मी म्हणणारच होते की हे बंद करा, तोच दार उघडलं. मुंगी माझा फोन घेऊन आली होती.

"मावशी, ते कोटवाले गिऱ्हाईक सारखे फोन—"

ती थांबली. पडद्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली.

"आई नाही गं. मीच आहे. दात सरळ केलेली मी."

ती जवळ आली. "किती दिवस लागतात?" तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दीड वर्ष सांगितलं.

"कर मावशी. दात कर. आणि चेहऱ्याला हात लावू नकोस. सर्जनची चिठ्ठी मी वाचली आहे."

"अगं, पण तुला तर हा चेहरा बघवत नाही! वर्षभर तोंड फिरवून जेवतेस तू!"

"तिरकं बसलं ना, की डोळ्याच्या कडेला आई दिसते," ती म्हणाली. "जेवताना समोर आई बसलेली असते. सरळ बघितलं की तू असतेस. आणि तू हसलीस, तुझे दात दिसले की... की ती जातेच."

मी वर्षभर हसत होते. रोज. जेवताना.

मग माझा तोल सुटला. "आणि मी गं? मी कुठे जाऊ? तुझी आई गेली, कबूल. पण माझीही ताई गेली! आईच्या पोटापासूनची सोबत होती ती माझी. मला आरशात बघायची चोरी झालीय आणि तू मला सांगतेस तीच होऊन बस? मी मेले नाही अजून, मुंगे!"

बोलले आणि रडायला लागले. ताई गेल्यावर मी कुणासमोर रडले नव्हते. पोरीसमोर तर नाहीच. डॉक्टर उठून उगाच हात धूत राहिले.

"तू कधी रडलीच नाहीस," मुंगी म्हणाली. तीही रडत होती. "मला वाटायचं, तुला काहीच झालं नाही."

"तुझ्यासाठी हसत होते, मूर्ख."

तिने माझा हात धरला. बाहेर कुणीतरी पेशंट खाकरला, तेव्हा डॉक्टर जवळ आले. त्यांनी हळूच विचारलं, "दातांचं नंतर ठरवा. हा फोटो जपून ठेवू का? नाहीतर पुसला जाईल."

मी मुंगीकडे वळले. ते माझं नव्हतंच सांगायचं. मुंगीने पडद्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान वळवून ती माझ्याकडे बघू लागली. नाक लाल, दात पुढे आलेले, अशी मी, आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"पुसा," ती म्हणाली.