आधी विचारलंय, शोधा

मित्रांनो, मी एक जुना कट्टा आहे. माझ्यावर बसायला फरशी नाही की सावलीला लिंब नाही. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या, इंटरनेटवरच्या एका मराठी फोरमवर 'नवशिक्यांचे प्रश्न' असा जो कोपरा आहे ना, तोच मी. आता माझ्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

मला पाबळच्या ज्ञानदेवनं घडवलं. कॉलेजात असताना त्यानं एका इंग्रजी फोरमवर साधासा प्रश्न विचारला, तर लोकांनी त्याला असं धुतलं की गडी कितीतरी दिवस कॉम्प्युटरला शिवला नाही. मग आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी त्यानं मला उभं केलं. शिरूरची पोरं यायची, दौंडच्या पोरी यायच्या. आधी "राम राम, जेवण झालं का?" आणि मग अडचण. रोज तेच प्रश्न यायचे आणि ज्ञानदेव रोज नव्यानं सांगायचा. पसारा होता खरा, पण काय गजबज होती म्हणून सांगू! फार सुखाचे दिवस होते ते.

पुढं ज्ञानदेवला नोकरी लागली. वेळ मिळेना, म्हणून त्यानं माझा कारभार दौंडच्या भारतकडे सोपवला. भारत हुशार, फुकट राबणारा; खोटं कशाला बोलू? पण त्याला पसारा बघवत नसे. त्यानं प्रश्नांचे गठ्ठे बांधले, प्रत्येक गठ्ठ्याला नाव दिलं, सगळे राम राम कापून टाकले. एकदा आलेला प्रश्न पुन्हा आला की त्याला कुलूप आणि वर पाटी: 'आधी विचारलंय, शोधा.' फोरमवरच्या जाणत्यांनी त्याची पाठ थोपटली. अरे शहाण्यांनो, नवशिक्याला नेमकं काय शोधायचं हेच तर ठाऊक नसतं! पण माझं ऐकतो कोण?

अशात सणसवाडीहून 'पप्पू' नावाच्या खात्यावरून प्रश्न आला. "दादा, माझा लूप थांबतच न्हाई. तेच तेच छापत राहतंय. काय चुकलं?" लूप म्हणजे एकच काम कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची रीत. भारतनं उत्तर दिलं. थोड्या दिवसांनी त्याच खात्यावरून तोच प्रश्न. भारतनं कुलूप लावलं. तिसऱ्यांदा आला, तेव्हा तो भडकलाच. "आधी मराठी वाचायला शिका, मग कोडिंग करा," असं सगळ्यांदेखत लिहून त्यानं खातंच बंद केलं. खाली हसणाऱ्यांची रांग लागली.

पप्पूनं मात्र आयुष्यात कधी प्रश्न विचारला नव्हता. हे कळायला बरेच महिने जावे लागले. एक दिवस नव्या खात्यावरून मजकूर आला.

"भारतदादा, राम राम. मी शितल, पप्पूंची बायको. घरात फोन एकच, तो ह्यांचा, म्हणून खातंबी ह्यांच्या नावाचं. त्यावर मी, माझी जाऊ गौतमी आन् शेजारची रुपाली अशा तिघी शिकत हुतो. प्रश्न एकच दिसला तरी चुका येगळ्या हुत्या. गौतमीला सांगितलेलं मी करून बघितलं, माझं न्हाई चाललं. कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवरून बायकांना कॉम्प्युटरवर घ्यायची परीक्षा हुती, तवा विचारलं. तुमचं बोलणं ह्यांनी वाचलं. माझं नाव घालवलंस म्हणले आन् फोन काढून घेतला. परीक्षेत लूपच आला. रुपालीनं आता सोताचा फोन घेतलाय, त्यावरनं लिहिते. मी अजून लाइनीवर उभीच हाय, संध्याकाळी पाय सुजत्यात. राग न्हाई. माझं काय चुकलं हुतं, तेवढं आता तरी सांगा."

तिनं जुनी चार ओळींची मोडकीतोडकी आज्ञावलीही खाली जोडली होती.

मित्रांनो, लिहून खोडलेलंही मला दिसतं. भारतनं लिहिलं, "ताई, माफ करा." खोडलं. "मला माहीत नव्हतं." तेही खोडलं. माफी मागायची तर त्याच हसणाऱ्यांसमोर मागावी लागली असती. तेवढी छाती नव्हती त्याची. मग त्यानं रोजचंच काम केलं. लूपच्या गठ्ठ्यात तिला ढकललं, कुलूप लावलं, पाटी अडकवली. ती परत आली नाही. हळूहळू दुसरंही कुणी येईना. आता मी एवढा नीटनेटका आहे की बघत राहावं. आग लागो त्या नीटनेटकेपणाला!

मुलांनो, उद्या तुम्ही शिकाल, जाणते व्हाल. कुणी येऊन तेच पुन्हा विचारील. तेव्हा समोर कोण आहे, कशासाठी विचारतंय, एवढं बघा आणि पुन्हा सांगा. तुमचं काही झिजत नाही. बाईचं मात्र खुर्चीवर बसायचं राहून जातं.

आणि शितल, तुझ्यापर्यंत हे पोचेल की नाही कोण जाणे. लूपच्या प्रत्येक फेरीला मोजणीचा आकडा एकानं वाढवायचा राहिला होता गं, म्हणून तो थांबेना. एवढंच चुकलं होतं तुझं.