हलकी पावलं, हलकी हाडं

घरातलं दुखणं कधी कधी सगळ्यात शेवटी घरातल्याच माणसाला दिसतं. हॉगन सरांचं तसंच झालं.

विस्कॉन्सिनमधलं त्यांचं गाव एवढंसं, माणसांपेक्षा गाईच जास्त. गावच्या हायस्कूलमध्ये लॉवेल हॉगन रसायनशास्त्र शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर मुलींच्या संघाला शेताबांधांवरून, टेकड्यांवरून लांब पल्ल्याचं धावायला शिकवायचे. संघातली सगळ्यात वेगवान मुलगी म्हणजे त्यांचीच अकरावीतली ब्रिटा. त्या ऑक्टोबरात विभागीय शर्यत तोंडावर आली होती. तिथून ब्रिटा राज्याच्या शर्यतीला जाणार हे गावानं गृहीतच धरलं होतं. केस कापायच्या दुकानाच्या काचेवरसुद्धा तिचं नाव रंगवून झालं होतं.

शुक्रवारी बाहेर जाऊन तळलेला मासा खायचा ही या घराची रीत. त्या शुक्रवारी ब्रिटानं काट्यानं माशावरचं सगळं आवरण खरवडून काढलं, अर्धा तुकडा खाल्ला, बटाटे तसेच ठेवले आणि पाणी पिऊन पोट भरल्याचं जाहीर केलं. गाडीकडे जाताना तिच्या आईनं, कॉरिननं, नवऱ्याला मागे थांबवलं.

"पोरगी पोटाला चिमटा काढतेय, लॉवेल."

"अगं, धावणारी मुलगी आहे ती. गाडीत वजन कमी, तर गाडी पळते जास्त."

"गाडीला पेट्रोलही लागतं," कॉरिन म्हणाली आणि पुढे निघून गेली.

सरांनी ते हसण्यावारी नेलं. माणूस वाईट नव्हता. मुलींवर कधी आवाज चढवायचे नाहीत, पावसात स्वतःही भिजायचे. पण "दुखतं तेवढं चालायचंच" हे त्यांचं पक्कं मत होतं. मागे एकदा ब्रिटानं नडगी दुखते म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी फ्रीजरमधली गोठलेल्या वाटाण्याची पिशवी बर्फासारखी लावायला तिच्या हातात ठेवली होती आणि उद्या पळशील म्हणाले होते. ती खरंच पळाली. त्यानंतर तिनं पुन्हा सांगितलं नाही. दुखणं अंगावर काढत राहिली.

सोमवारी टेकडीवरचा सराव होता. अर्ध्या चढावर ब्रिटा थांबली, कुंपणाचा खांब धरला आणि हळूच गवतात बसली. चढावर थांबणाऱ्यांतली ती नव्हेच. सर धावत खाली आले. नडगीवर एका जागी बोट लावताच तिनं ओठ दाबून धरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा कुठे हे नेहमीचं दुखणं नाही हे सरांना कळलं.

गावच्या डॉक्टर जोन सोबोटा म्हणजे सरांच्या शाळासोबती. लहानपणी दोघांनी जत्रेतल्या स्पर्धेत आपापली वासरं मिरवलेली, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नव्हता. त्यांनी ब्रिटाला मोठ्या इस्पितळात पाठवून पायाची तपासणी करवून घेतली आणि निकाल आल्यावर बापलेकीला बोलावलं. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. पुन्हापुन्हा त्याच हाडावर ताण पडला की असा तडा जातो, असं त्यांनी समजावलं. मग सरांना जरा बाहेर बसायला सांगितलं, कारण त्यांना ब्रिटाशी एकटीशी बोलायचं होतं.

बाहेर सर मासेमारीचं मासिक चाळत बसले. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. थोड्या वेळानं दार उघडलं आणि डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं.

"ब्रिटाला विचारून सांगतेय," डॉक्टर म्हणाल्या, "तिची पाळी ऑगस्ट महिन्यापासून आलेली नाही."

सर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघू लागले. "हे... कॉरिनशी बोललीस तर बरं नाही का?"

"तिच्याशी बोलेनच. पण पोरीला धावायला कोण लावतं? कॉरिन?"

सरांनी चाचरत सांगितलं की धावणाऱ्या मुलींचं असं होतंच, उलट सराव चांगला चालल्याची ती खूण असते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"चुकीचं ऐकलंस. शरीर फार काटकसरी असतं, लॉवेल. खाल्लेलं सगळं धावण्यातच संपलं, की ते एकेक काम बंद करत जातं. आधी पाळी थांबवतं, मग हाडांची डागडुजी. आणि हेच तर हाडं भरायचं वय. आत्ता राहिलेली कसर पुढे भरून निघणं अवघड. मुलगे उपाशी पळाले तर त्यांचंही शरीर खंगतं, पण मुलींना निदान एवढी खूण तरी मिळते. आपल्या गावात गाईचं दूध आटलं तर शेतकरी त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. मुलीची पाळी थांबली, तर आपण म्हणतो वा, सराव झकास चाललाय!"

"म्हणजे मी गाय आहे का?" ब्रिटा तपासणीच्या पलंगावरून म्हणाली.

"गाय असतीस तर केव्हाच उपचार झाले असते."

ब्रिटाला हसू फुटलं. सरांना मात्र हसू येईना. त्यांनी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुला कसं सांगणार, बाबा? वाटाणे दिले असतेस."

मग तिनं बाकीचंही सांगितलं. उन्हाळ्याच्या शिबिरात तिनं आपली आजवरची उत्तम वेळ नोंदवली, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाला होता, ब्रिटाकडे बघा, कशी हलकी झालीय! त्या दिवसापासून तिनं आधी चीज सोडलं, मग पाव, मग सकाळचा नाश्ता. वेळ आणखी कमी होईल या आशेनं. होत तर नव्हतीच, उलट पाय जड व्हायला लागले होते.

कौतुकाचं एक वाक्य. बोलणारा विसरूनही गेला होता, आणि पोर त्या वाक्यावर सगळा उन्हाळा उपाशी राहिली होती. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुझी अजिबात नाही."

ब्रिटाच्या पायात आधाराचा मोठा बूट आला आणि शर्यत गेली. गावात हळहळ झाली. पण हॉगन सर हळहळत बसले नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात शाळेच्या जेवणघरात पालकांची सभा बोलावली आणि जोनबाईंनाही नेऊन बसवलं.

बोलायला उभे राहिले खरे, पण गाडी मूळ शब्दाशी येईना. "मुलींचं आरोग्य" झालं, "ते महिन्याचं चक्र" झालं. शेवटी जोनबाई म्हणाल्या, "लॉवेल, ताकाला आलायस, तर भांडं लपवू नकोस." सर घोटभर पाणी प्यायले आणि 'पाळी' हा शब्द त्यांनी सगळ्या बापांसमोर मोठ्यानं उच्चारला. छत कोसळलं नाही.

गॅरी स्टेनस्रुड नावाचे एक पालक मात्र कुरकुरले. आमच्या वेळी असले लाड नव्हते, दुखलं तरी आम्ही खेळायचो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"म्हणूनच दर वसंतात तुझा गुडघा घेऊन माझ्याकडे येतोस, गॅरी," जोनबाई म्हणाल्या. सभा हसली, गॅरीही हसले. मग बाई गंभीर झाल्या. "दमणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दमलेलं शरीर विश्रांतीनं ताजं होतं. एकाच जागी रोज वाढत जाणारं दुखणं म्हणजे शरीराचा निरोप. तो ऐकायला पोरांना शिकवा. आणि पोरांनी सांगितला, तर आपण ऐकायला शिकूया."

दुसऱ्या दिवशी सराव कसला, दवाखानाच भरला! एकीला थंड हवेत पळताना धाप लागून छाती शिट्टी वाजवायची, सगळ्यांचीच वाजत असेल असं म्हणे तिला वाटायचं. एकीच्या गुडघ्याखाली वाढत्या वयाचं टेंगूळ आलं होतं. एकीच्या डोक्याला व्हॉलीबॉलचा चेंडू लागल्यापासून उजेड सहन होत नव्हता, तिला सरांनी तिथल्या तिथे बसवलं आणि आईला फोन लावला. गॅरी स्टेनस्रुड स्वतःच्या गोठ्यातलं दूध आणि शेंगदाण्याचं लोणी लावलेल्या पावांचा ढीग घेऊन आले आणि शर्यतीच्या मोसमात दर आठवड्याला आणीत राहिले. विभागीय शर्यतीत संघ मधेच कुठेतरी आला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

ब्रिटा नीट जेवू लागली. हिवाळा सरता सरता पाळी परत आली, हाडही जुळलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती हळूहळू पळू लागली. पुढच्या शरद ऋतूत ती राज्याच्या शर्यतीला गेली. पहिली आली नाही, पहिल्या दहातही नाही, पण शेवटच्या चढावर तिनं चौघींना मागे टाकलं आणि वर पोचताना ती चक्क हसत होती.

त्याच मोसमातली गोष्ट. नववीतली तेरेसा फुएन्तेस नावाची नवी मुलगी सरावाला आली आणि शेजारी मुलांचा संघ पाय ताणून मोकळे करत असतानाच म्हणाली, "सर, दोन महिने माझी पाळी आली नाही आणि टाचही दुखतेय. आज पळू का?"

सरांचे कान लाल झाले. पण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली नाही.

"आज पळू नकोस. घरी आईला सांग, उद्या दोघी जोनबाईंकडे जा. सांगितलंस हे फार चांगलं केलंस."

ती उड्या मारतच निघाली होती. टाच दुखते ना, म्हणून त्यांनी तिला हळू चालायला लावलं.

मंडळी, आपली मुलं मैदानावर धावतात तेव्हा आपण घड्याळाकडे बघतो, फळ्यावरच्या नावांकडे बघतो. त्यात गैर काही नाही. पण मुलं वाढत्या अंगानं धावत असतात, आणि त्या अंगाला अन्न लागतं, झोप लागते, विसावा लागतो. सगळ्यात आधी लागतं ते न लाजता, न घाबरता दुखणं सांगता येईल असं एक मोठं माणूस. पदक देणारे पुष्कळ भेटतील. ते माणूस मात्र आपल्यालाच व्हावं लागतं.